खंदकावरची फांदी

लग्न होऊन मी अमरावतीहून जबलपूरला आले त्याच वर्षी बांगलादेशची लढाई झाली. नेपियर टाउनमधल्या आमच्या घरात तेव्हा तीनच माणसं होती: नवरा, सासरे आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा फॅक्टरीत तोफगोळ्यांच्या कवचांवर होता. लढाई जवळ आली तशी त्याची पाळी बारा तासांची झाली, सुट्ट्या बंद झाल्या. तो यायचा, जेवायचा आणि झोपायचा. मला त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या घोरण्याची ओळख आधी झाली.

त्यामुळे माझा सगळा दिवस सासऱ्यांबरोबर जायचा. मी त्यांना मामंजी म्हणत असे. तेही त्याच फॅक्टरीत होते, तपासणी खात्यात. तीस वर्षं त्यांनी माल तपासला आणि माझ्या समजुतीप्रमाणे त्यातला बराचसा परत पाठवला. निवृत्त झाल्यावर परत पाठवायला काही उरलं नव्हतं, म्हणून ते भाजीवाल्याची वांगी परत पाठवत.

दिवाळीनंतर आमच्या मोहल्ल्याचे वॉर्डन घरी आले. एरवी त्यांचं कमानिया गेटजवळ कापडाचं दुकान होतं, पण आता दंडावर पट्टी होती आणि हातात छापील कागद. विमानं आली तर लपायला प्रत्येक अंगणात खंदक खणायचा होता आणि कागदावर त्याचं ड्रॉइंग होतं. मामंजींच्या हातात फार दिवसांनी ड्रॉइंग आलं. त्यांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला आणि सूचनांतली एक चूक वॉर्डनला दाखवली. वॉर्डन म्हणाले, साहब, ऊपर से आया है.

आमच्या मागच्या अंगणात एकच झाड होतं, जांभळीचं. त्याच्या एका बाजूला कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराचं स्वयंपाकघर आणि दुसऱ्या बाजूला कुंपणाच्या भिंतीपर्यंत मोकळी जागा. खंदक तिथेच, झाडाच्या मुळाशी खणावा लागला. खणताना मांडीएवढी जाड मुळं आडवी आली. मजूर म्हणाले, खंदक जरा वाकवून घेऊ. पण ड्रॉइंगमध्ये वाक कुठे असावा हे ठरलेलं होतं आणि ते तिथे नव्हतं. मामंजींनी करवत मागवली आणि मुळं खंदकाच्या भिंतीशी सपाट कापून घेतली. खंदक इतका नेटका झाला की वॉर्डन दुसऱ्यांना दाखवायला आमच्याकडे आणू लागले.

लढाई सुरू झाली त्या आठवड्यात वॉर्डननी वर पाहिलं. जांभळीची एक मोठी फांदी बरोबर खंदकावर आली होती. बाँब पडला तर फांदी आतल्या माणसांवर कोसळेल, तेव्हा ती ताबडतोब काढावी, असं त्यांनी लेखी दिलं.

फांदी तोडायला पहिल्यांदा दोघं जण आले. एका दिवसात सगळं साफ करून देतो म्हणाले. त्यांच्याजवळ कुऱ्हाडी होत्या, पण दोर नव्हता. दोर नाही तर फांदी खाली कशी येणार, असं मामंजींनी विचारलं. आपोआप येईल, असं उत्तर मिळाल्यावर मामंजींनी त्यांना परत पाठवलं.

मग राइट टाउनमधल्या एका ओळखीच्या घरून पत्ता काढून एक म्हातारा लाकूडतोड्या बोलावला. तो यायच्या आदल्या दिवशी मामंजींनी त्याच्यासाठी अटी लिहून काढल्या. अक्षर माझं बरं म्हणून त्या मी कागदावर उतरवल्या. हिंदीत होत्या. अट पहिली, जास्तीच्या फांद्या काढणे. अट दुसरी, मोठी फांदी बुंध्याशी सपाट कापून गिराना. अट तिसरी, काम सफाईने करणे. एकूण नऊ होत्या.

म्हातारा आला. खांद्यावर जाड दोर, कमरेला कोयता, हातात करवत. आम्हाला वाटलं तो वर फांदीकडे पाहील. तो उकिडवा बसला आणि खंदकात डोकावला.

"तो खाली काहून पाहून राहिला?" मामंजी मला हळूच म्हणाले.

म्हाताऱ्याने कापलेल्या मुळाच्या सपाट तोंडावरून बोट फिरवलं आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. मामंजींना वाटलं तो कामाची तारीफ करतो आहे. त्यांनी सांगितलं, मी. म्हातारा हात झटकून उठला. त्याला वाचता येत नव्हतं म्हणून मग मी अटी मोठ्याने वाचल्या.

पहिल्याच अटीवर त्याने मला थांबवलं. जास्तीची फांदी म्हणजे कोणती, ती हात लावून दाखवा, म्हणाला. झाड आपल्या हिशोबाने काही जास्तीचं वाढवत नाही. मामंजींनी तीन फांद्या दाखवल्या, मग दोन, मग विचार करून सांगतो म्हणाले. दुसऱ्या अटीत दोन चुका निघाल्या. उतारना वेगळं आणि गिराना वेगळं. उतारना म्हणजे दोर बांधून, तुकड्या-तुकड्याने खाली सोडणं; गिराना म्हणजे कापून मोकळं होणं, मग ती कवेलूवर पडो की माणसावर. कागदावर तुम्ही गिराना लिहिलं आहे, मी तशी पाडली आणि भिंत फुटली तर भरून कोण देणार? आणि बुंध्याशी सपाट कापायचं नसतं. फांदी जिथून निघते तिथे एक फुगीर कडं असतं, त्याला तो गर्दन म्हणायचा. ती ठेवून बाहेरून कापलं तर जखम भरते, गर्दनच उडवली तर झाड आतून कुजतं.

तिसऱ्या अटीला त्याने विचारलं, सफाई म्हणजे काय? वाळकी लाकडं काढायची, की शेंडे कापून हलकं करायचं, की सगळ्या फांद्या उडवून झाडाचा मुंडा करायचा, की खाली पडलेला पाला उचलायचा? चारही कामांना लोक सफाईच म्हणतात आणि नंतर भांडतात.

तीस वर्षं मामंजींनी दुसऱ्यांच्या कागदांतली संदिग्ध वाक्यं लाल पेन्सिलीने अधोरेखित केली होती. त्या दिवशी त्यांनी तीच पेन्सिल माझ्याकडून मागून घेतली आणि स्वतःच्या नऊपैकी सात अटींखाली रेघ मारली. मी आत जाऊन चहा ठेवला. तिथे थांबले असते तर हसू आवरलं नसतं.

पण खरी गोष्ट म्हाताऱ्याने चहा पिऊन झाल्यावर सांगितली. खंदकाच्या बाजूची मुळं तुटली आहेत, त्या बाजूने झाडाला धरून ठेवणारं आता जमिनीत काही राहिलं नाही. स्वयंपाकघराच्या बाजूला फांद्यांचा भार तसाच आहे. तो पलीकडून कोण सांभाळून राहिलं आहे, तर ही खंदकावरची फांदी.

"बाबूजी, यही डाल पेड़ को थामे है," तो म्हणाला. "इसे काटोगे तो पेड़ रसोई पर आएगा."

हीच फांदी काढायचा लेखी हुकूम आहे, असं मामंजींनी सांगितलं. मग हुकूम देणाऱ्यालाच चढवा, असं म्हणून म्हातारा दोर गुंडाळायला लागला.

मामंजी त्याला थांब म्हणाले. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी घरातून ओळंबा आणला, म्हाताऱ्याकडून तो स्वयंपाकघराच्या बाजूच्या एका उंच फांदीला बांधून घेतला आणि खाली फरशीच्या तुकड्यावर त्याच्या टोकाखाली खडूने खूण केली. दोन दिवस ते वारा पडला की जाऊन पाहत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. ओळंब्याचं टोक खुणेपासून बोटभर सरकलं होतं, आपल्या चुलीच्या दिशेने.

त्यांनी वाकून अंतर पुन्हा बोटाने मोजलं. मग म्हणाले, "बाई, हे माझ्यानं झालं."

त्यांना कोणाजवळ चूक कबूल करताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून स्वयंपाकघर मी पुढच्या खोलीत हलवलं.

म्हाताऱ्याला पुन्हा बोलावलं. या वेळी अटी त्याने सांगितल्या आणि मामंजींनी लिहून घेतल्या. स्वयंपाकघराच्या बाजूच्या फांद्या शेंड्याकडून हलक्या करायच्या, हात लावून दाखवलेल्या पाच. दोर बांधून उतरवायच्या. जाड फांदीला पहिला छेद खालून, मग वरून, म्हणजे तुटताना साल सोलून येत नाही. लाकूड त्याचं, पाला आमचा. वारा असेल त्या दिवशी काम बंद. खंदकावरच्या फांदीला कोणी हात लावायचा नाही. एकूण सहा अटी झाल्या आणि त्यांत रेघ मारण्यासारखं मामंजींना काही सापडलं नाही.

काम सुरू असतानाच वॉर्डन पाहणीला आले. खाली पाच फांद्यांचे शेंडे पडले होते आणि वर हुकमातली फांदी जशीच्या तशी. ते रागावले, पण साहबांसमोर आवाज चढवणं त्यांना जमेना. मामंजींनी त्यांना ओळंबा दाखवला, खूण दाखवली. वॉर्डननी वाकून पाहिलं आणि खरं सांगायचं तर ते घाबरले, कारण मोहल्ल्यात असे चार-पाच खंदक झाडांखाली होते आणि ते सगळे आमचा खंदक पाहून खणलेले होते. पण हुकूम बदलायचा अधिकार त्यांना नव्हता. अर्ज करा, म्हणाले.

आयुष्यभर हुकमाप्रमाणे चाललेल्या माणसाने मग हुकूम न पाळण्याची परवानगी मागणारा अर्ज लिहिला, सोबत झाडाचं ड्रॉइंग जोडून. खंदक बुजवू द्यावा अशीही विनंती केली. अर्ज वर गेला. तो वर असतानाच लढाई संपली. ती दोन आठवडेही चालली नव्हती. विमानाचा आवाजसुद्धा आम्हाला कधी ऐकू आला नाही.

नवऱ्याला पहिली सुट्टी त्यानंतरच्या रविवारी मिळाली. तो दहाला उठला, चहाचा कप घेऊन मागच्या अंगणात गेला आणि तिथूनच मला हाक मारली.

"अगं, इथे खड्डा कधी खणला?"

तो खड्डा महिनाभर तिथे होता. मी मामंजींकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते आणि त्यांनी पेपर खाली केला नाही. मग मीच नवऱ्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आमचं ते लग्नानंतरचं पहिलं लांबलचक बोलणं. तो मध्येमध्ये अच्छा, अच्छा म्हणत होता. शेवटी कप खाली ठेवून त्याने फावडं मागितलं.

खंदक बुजवताना म्हातारा मुद्दाम आला. माती थरांनी टाकायची, प्रत्येक थराला पाणी द्यायचं, पायाने फार चेपायचं नाही, असं तो सांगत होता आणि माझा नवरा आणि मामंजी दोघंही ऐकत होते. संध्याकाळपर्यंत जमीन सारखी झाली. मी चूल पुन्हा तिच्या जागी पेटवली तेव्हा दोघं हात धुऊन स्वयंपाकघरातच पाटावर येऊन बसले.

मार्चमध्ये अर्जाचं उत्तर आलं. खंदक बुजवायला परवानगी नाकारली होती. मामंजींनी ते पत्र मला वाचून दाखवलं, त्यातल्या एका वाक्याखाली लाल रेघ मारली आणि पत्र फाइलला लावलं. जांभळं त्या उन्हाळ्यात नेहमीच्या निम्मीसुद्धा आली नाहीत, पण आली.