सेलूपर्यंतची गोष्ट

मोसंबी सुकायला लागली की तिचा वास आधी गोड असतो, मग कडवट होतो आणि पुढे पुढे वास असा उरतच नाही. त्या जागेवरून जाताना नाकाला नुसती एक कोरडी जाणीव होते. त्या फाल्गुनात वालूरच्या आमच्या घरी, बुद्धमूर्तीच्या खालच्या कोनाड्यात, अशी मोसंबी सुकत पडली होती. ती मी नांदेडच्या फलाटावर आईसाठी घेतली होती. घेतली तेव्हा आई नव्हती, आणि हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होते.

मी तेव्हा सिकंदराबादला, मिशनच्या वसतिगृहात राहून शिकत होते. वडील वालूरच्या शाळेत गुरुजी. मुलीने इंग्रजीत शिकावे हा हट्ट मात्र त्यांच्यापेक्षा आईचा, जिला स्वतःला अक्षर येत नव्हते. शाळेत इंग्रजीच्या बाई आम्हांला गोष्ट उकलून दाखवत, एखादे फूल पाकळी पाकळी सोडवून पाहावे तशी. ही उपमा, हे रूपक. पुढे जे घडणार त्याची सावली आधी इथे, या दारापाशी पडली आहे. इथे गोष्ट शिगेला पोचते आणि इथून उतरू लागते. चांगल्या गोष्टीत उगाच काही येत नाही, असे त्या म्हणत. वाचकाला जे माहीत असते ते पात्राला नसते, त्या अंतरात आयरनी उभी राहते, हेही त्यांनीच शिकवले. मी ते वाक्य समासात सुबक अक्षरात लिहून घेतले होते.

मग तार आली. मदर सीरियस, स्टार्ट. काचीगुड्याहून गाडीत बसले, पहाटे नांदेडला उतरून मोसंबी घेतली, आणि उन्हे वर आल्यावर सेलूच्या स्टेशनावर मामा दिसले. त्यांनी माझ्या हातातली पिशवी पाहिली, मग दुसरीकडे पाहिले. म्हणाले, "आधी खाऊन घे बाई दोन घास." मी विचारले, आई कशी आहे. ते म्हणाले, "हाय," आणि डब्याचे झाकण उघडायला वाकले.

वालूरच्या एसटीत एक बाई मोठ्याने सगळ्यांची थट्टा करत बसली होती. कंडक्टरला म्हणाली, "तुझ्या गाडीपरीस माझी म्हैस बरी, हाकलली की चालती तरी." मग माझ्या बुटांकडे पाहून, "ही कोन रे मडम? कोनाची गं तू?" मी म्हणाले, वालूरच्या गुरुजींची. तिचा चेहरा एकदम पुसल्यासारखा झाला. ती उठली, मला खिडकीची जागा दिली, आणि गाव येईपर्यंत माझ्या गुडघ्यावर हात ठेवून गप्प बसून राहिली. बाहेर करडईची शेते पिवळी, काटेरी, उन्हात तडतडत होती. मी पिशवीतली मोसंबी दबू नये म्हणून ती मांडीवर घेतली होती.

दूर गावाहून येणाऱ्या माणसाला वाटेत खरे सांगायचे नाही, हा आमच्याकडचा जुना दयाळूपणा आहे. वडील नंतर एवढेच म्हणाले, "वाटेत तुला काही होऊ नये, म्हणून." त्यांच्या जागी मीही बहुधा तेच केले असते. पण त्या दिवसापासून माझ्या आतले काहीतरी त्या खिडकीशीच बसून राहिले. मी रडले नाही. घरात पांढऱ्या साड्या होत्या, मेणबत्त्या होत्या, पुण्यानुमोदनाला गाथा म्हटल्या गेल्या, आणि मी हे सगळे दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातले पान वाचावे तशी पाहत होते.

मला एकच हवे होते. आईला ताप होता, तो छातीत उतरला, सकाळच्या एसटीने तिला सेलूच्या डॉक्टरकडे नेत होते, आणि ती त्या एसटीतच गेली, आत्याच्या मांडीवर. वडील मागच्या बाकावर होते, त्यांना काही दिसले नाही, ऐकू आले नाही. त्या वाटेवर आईने माझी आठवण काढली का? हे सांगू शकणारे जगात एकच माणूस होते, आणि त्या माणसाला मी विचारू शकत नव्हते.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन आमच्याकडे आलेली, उंच, हाडापेराने रुंद, आणि बोलायला बसली की भिंतीसुद्धा ऐकतील अशी. दुपारी भेटायला बायका येत. आलेल्या प्रत्येकीला मरण पहिल्यापासून सांगावे लागते. ते ऐकल्याशिवाय भेट झाली असे होत नाही. आणि सांगणाऱ्याला हुंकार लागतो. आमच्याकडे हुंकार आला नाही की सांगणारा थांबतो. ऐकणाऱ्याचा डोळा लागला असे धरतात. आलेल्या बायका रडत असत, म्हणून हुंकार द्यायला आत्या मला शेजारी बसवी. मी खाली मान घालून "हं" म्हणत राही. तेवढे एक अक्षर मला जमत होते.

असे ऐकता ऐकता मला इंग्रजीच्या बाई आठवत. पहिल्या दिवशी आत्याने सांगितले, की निघताना वैनीचा पदर दाराच्या कडीला अडकला. दुसऱ्या वेळी वैनीने उंबऱ्यावरून मागे वळून चूल पाहिली. पुढे त्यात सकाळपासून रडणारे कुत्रेही आले, आणि आमच्याकडे कुत्रे नव्हते. सावल्या मागे जाऊन पडत होत्या. जे उगाच घडले होते त्यातले काही उगाच राहू नये म्हणून आत्या एकेक टाका घालत होती, आणि मी तिची चूक न काढता, पेन्सिल हातात असल्यासारखी, खुणा करत होते.

पण आत्याच्या सांगण्यातली एसटी सेलूच्या फाट्यावर आली की मी सावध होई. कारण तिथे आई बोलत असे, आणि दर वेळी निराळे. बोरीहून मावशी आली तेव्हा आई म्हणाली होती, माझ्या बहिणीला निरोप धाडा. शाळेतल्या दुसऱ्या गुरुजींची बायको आली तेव्हा म्हणाली होती, पोरीची परीक्षा बुडवू नका. शेजारची सखूबाई आली, तिला फार जोरात रडायचे होते, तेव्हा आईने माझे नाव घेतले होते. आत्या ते सांगून माझ्याकडे पाही. तिथे माझा हुंकार येत नसे. मग आत्याही थांबे, पदराने डोळे पुसे, आतून चहा येई. त्यामुळे फाट्यापासून सेलूपर्यंतची वाट कुणीच कधी ऐकली नाही.

हुंकार द्यावा तर आईने. उन्हाळ्याच्या सुट्टीत, भर दुपारी, ती ज्वारी निवडत बसे आणि मी तिला पुस्तकातली गोष्ट मराठीत सांगे. तिची आवडती एकच होती. मूळ गोष्टीत समुद्र होता, दीपगृह होते. आईने समुद्र पाहिला नव्हता, म्हणून मी त्याची सोनपेठकडची गंगा, म्हणजे आमची गोदावरी केली, पूर आलेली, आणि दीपगृहाचा केला काठावरचा कंदील. बाप नाव घेऊन गेलेला, आणि पोरगी कंदील धरून उभी. आईचा "हं" निरनिराळा येई, कधी काळजीचा, कधी पुढे सांग म्हणणारा. मग तो लांबत, विरळ होत थांबे. सुपावर हात तसेच ठेवून ती झोपलेली असे, पहाटेपासून राबलेली. मी थांबे. शेवट तिने कधी ऐकलाच नाही.

चैत्र लागल्यावर येणे-जाणे कमी झाले. लिंबाला मोहर आला होता, त्याची बारीक फुले अंगणात पडत आणि त्यांच्या वासाने दुपार जड होई. सिकंदराबादला परत जायचा माझा दिवस जवळ आला होता. आत्या ओट्यावर ज्वारी निवडत होती. मी शेजारी बसले. कोणी आलेले नव्हते, तरी तिने आपणहून सुरू केले. "उन्हं वर आली व्हती..." मी हुंकार दिला. पदर कडीला अडकला. कुत्रे मात्र आज रडले नाही. फाटा आला. आत्या गप्प झाली. आज ऐकणारी मी एकटीच होते, आणि मला काय सांगावे हे तिचे ठरत नव्हते.

"हं," मी म्हणाले.

तिने वर पाहिले.

"मग काय, बाई. काय बोललीच न्हाई ती. निघतानाच म्हनली व्हती, वन्सं, पोरीची ती कंदिलाची गोष्ट सांगा, वाट सरल. मला कुठं नीट येती! इथंच बसून अर्धी अर्धी ऐकलेली. सांगायले आपली. ती हूं हूं करायली. फाट्याच्या म्होरं हूं आला न्हाई. म्हनलं, लागला डोळा. रातभर खोकली व्हती, निजू दे. थांबले तर जागी व्हईल, म्हनून हळू हळू सांगतच ऱ्हायले. सेलूपस्तोर. स्टँडावर कंडक्टर म्हनला, मावशी, उतरवा त्यांना... तवा."

तिचे हात पुन्हा सुपात गेले. एक खडा तिने काढून अंगणात फेकला. बाईंनी याला गोष्टीची शीग म्हटले असते, आणि मी आत कुठे काही हलते का ते पाहिले. काही हलले नाही. लिंबाचे फूल ओट्यावर पडले. मला फक्त दिसले, की मी खिडकीशी मोसंबी मांडीवर घेऊन आले तीच ती वाट होती, उलट्या दिशेने, आणि आदल्याच दिवशी त्याच वाटेवरून कुणीतरी माझी गोष्ट, आईची झोप जपत, कुणाला ऐकू येत नसताना, शेवटपर्यंत नेली होती.

"ती नाव आली का गं शेवटी? त्या पोरीच्या बापाची?" आत्याने विचारले. "तू कवा सांगितलंच न्हाई. मला ठावं नव्हतं, मी आपली आनली."

पुस्तकात नाव येत नाही. तिथे सकाळी कंदील विझतो आणि पोरगी पाण्याकडे पाहत राहते. परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो.

"आली," मी म्हणाले.

"हं," आत्या म्हणाली, आणि सुपावरचे हात थांबवून पुढचे ऐकायला बसली.