तिसऱ्या गाण्यातली घंटी

साम्पिएरदारेना ह्या बंदरालगतच्या वस्तीतल्या कामगार मंडळात दर गुरुवारी दुपारी तीन वाजता रेकॉर्ड लागे, आणि ती नेल्लो कानेपा लावी. सुई टेकवण्याचा मान पंधरा वर्षे त्याच्याकडे होता. रेकॉर्डांच्या कपाटाची किल्ली त्याच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली असे. नियमही त्यानेच घालून दिलेले होते. दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या, त्याही डोळे मिटून. मध्ये चकार शब्द काढायचा नाही. शेवटी प्रत्येकाने चिठ्ठीवर निनावी मत लिहायचे, तीसपैकी गुण द्यायचे आणि चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात टाकायची. मग नेल्लो त्या मोठ्याने वाचे. त्यानंतर जे भांडण जुंपे, त्यासाठीच खरे तर सातही जण येत.

नेल्लो गाणे स्वतः लिहून स्वतःच म्हणणाऱ्या इटालियन गायकांचा कैवारी. निवृत्त बसचालक तुल्लिओ नोचेती इंग्रजांच्या जुन्या रॉक अल्बमांचा.

“तुझे इंग्रज अर्धा तास कण्हतात, तेव्हा कुठे कळतं की पोट दुखतंय,” नेल्लो म्हणे. “आमचा माणूस एका ओळीत सांगतो आणि मोकळा होतो.”

“तुझा माणूस गातो कुठे? तो पोलीस चौकीत जबानी देतो,” तुल्लिओ म्हणे. “गिटार वाजते ती शिपायाला डुलकी लागू नये म्हणून.”

असे चालले होते. नोव्हेंबरात मात्र एका चिठ्ठीने नेल्लोच्या मनात पाल चुकचुकली. त्या दिवशी आउरेलिओ दान्यिनोची ‘ओला दोर’ लावली होती. १९७४ साली बाजारात आली त्याच आठवड्यात नेल्लोने ती घेतली होती. तिचा शब्दन् शब्द त्याला पाठ होता. चिठ्ठीत लिहिले होते: ‘तिसऱ्या गाण्यात आवाजामागे जी बारीक घंटी वाजते, तिच्यासाठी दोन गुण जास्त.’

तिसऱ्या गाण्यात घंटी नव्हती. पस्तीस वर्षांत कधी नव्हती.

अक्षर तुल्लिओचे होते. ‘ह्याने कुठल्या तरी मासिकातून उतरवले,’ नेल्लोने मनाशी म्हटले, ‘आणि तेही दुसऱ्याच रेकॉर्डबद्दलचे.’ जानेवारीत मंडळाची सभा होती. किल्ली कोणाकडे राहणार, ते तिथे हात वर करून ठरे. तुल्लिओ आपला कान किती तयार आहे हे सगळ्यांसमोर मिरवतो आहे, ही गोष्ट नेल्लोला उन्हासारखी स्वच्छ दिसली.

संशयाला एकदा दार उघडले की तो एकटा येत नाही. यंत्राचे उंच सूर वाढवणारे ट्रेबलचे बटण नेल्लो उन्हाळ्यापासून टोकापर्यंत फिरवून ठेवू लागला होता, कारण त्याच्या मते स्पीकर म्हातारे झाले होते. त्याने सुई दोनदा बदलली, तारा बदलल्या, तरी आवाज ब्लँकेटमध्ये गुंडाळल्यासारखा येई. आता त्याच्या लक्षात आले की पहिली बाजू संपल्यावर तबकडी उलटायला तो उठतो, तेव्हा ते बटण मधोमध असते. आपल्या डोळ्यांदेखत, किंबहुना मिटलेल्या डोळ्यांदेखत, कोणीतरी यंत्राला हात लावत होते.

पुढच्या गुरुवारी त्याने मिशीतला एक पांढरा केस उपटून, थुंकी लावून, बटणावर आडवा चिकटवला. बाजू संपली तेव्हा केस खाली पडलेला होता. त्या संध्याकाळी हरभऱ्याच्या पिठाची फारिनातासुद्धा त्याने वेगळ्या टेबलावर बसून खाल्ली.

त्याच्या नंतरच्या गुरुवारी त्याने मुद्दाम पुन्हा ‘ओला दोर’ लावली, खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीत बसला, हनुवटी छातीवर टेकवली आणि आयुष्यात प्रथमच स्वतःचा नियम मोडून पापण्या किंचित किलकिल्या केल्या.

सगळ्यांचे डोळे उघडे होते. सहाच्या सहा जणांचे. लाकडाच्या वखारीतल्या जुन्या हिशेबनिसाने तर कानात बोटे घातली होती. एर्सिलिया त्रावेर्सो, टेलिफोन एक्स्चेंजवर तीस वर्षे काढलेल्या विधवा बाई, खुर्चीखाली बूट काढून ठेवून, पायमोज्यांवर, मांजरीसारख्या यंत्राकडे निघाल्या होत्या. त्यांनी बटण मागे फिरवले. हिशेबनिसाने बोटे काढली. तुल्लिओने छातीवर क्रुसाची खूण केली.

“चोर!” नेल्लो ओरडला.

एर्सिलियाबाई दचकल्या, पण बटणावरचा हात त्यांनी काढला नाही. “चोर कसली? आज माझी पाळी होती.”

“पाळी?”

“मागच्या गुरुवारी माझी होती,” तुल्लिओ म्हणाला. “तो केस कुणाचा होता रे? मला वाटलं उंदराचा.”

“सप्टेंबरपासून चाललंय, कानेपा,” हिशेबनीस खाली बघत म्हणाला. “दाढेत सुई घालावी तसा आवाज लावता तुम्ही. माझं कुत्रं हल्ली माझ्या कोटाचा वास घेऊन पळतं.”

“म्हणजे कट आहे. आणि घंटी? तीही कटातलीच?”

“घंटी आहे, नेल्लो,” तुल्लिओ म्हणाला. ह्या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि नेल्लोला नेमके तेच संशयास्पद वाटले.

“सिन्योरा एर्सिलिया, तुम्ही सांगा. माझ्याकडे बघून सांगा.”

“आहे,” बाई म्हणाल्या. “अगदी काचेवर नख लागावं तशी.”

नेल्लोने सुई उचलली. सोळाव्या वर्षी तो गोदीत लागला होता आणि जहाजांच्या पोटात बसून, हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने गंज झाडत, सत्तेचाळिसाव्या वर्षी बाहेर पडला होता. कानात घालायला कापूस मिळे. त्याने तो कधी घातला नाही, कारण कापूस घालणाऱ्याला बाकीचे नववधू म्हणत. हे त्याला ह्या क्षणी आठवले, आणि त्याने ते परतवून लावले. साक्षीदार सहा असले म्हणून खोटे खरे होत नाही.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “भिंतीकडे तोंडं करा. सगळ्यांनी. गाणं लावतो. घंटी किती वेळा वाजते, तेवढाच आकडा लिहायचा. कुणी कुणाच्या चिठ्ठीत बघायचं नाही.”

“परीक्षाच की ही,” तुल्लिओ कुरकुरला, पण वळला.

तिसरे गाणे लागले. सहा पाठी भिंतीकडे पाहत बसल्या. नेल्लो यंत्राजवळ उभा राहून ऐकत होता. दान्यिनोचा आवाज त्याला आला, गिटार आली, शब्द आले. दुसऱ्या कडव्यापाशी सहाही जणांच्या खांद्यांवरून झुळूक गेल्यासारखे काहीसे झाले. नेल्लोला झुळूक दिसली, बाकी काही ऐकू आले नाही.

चिठ्ठ्या डब्यातून त्याने एकेक काढल्या. चार. चार. चार. त्याच्या ओठांवर कडवट हसू आले. ठरवून आलेल्यांचा आकडा असाच येतो. चार. पुन्हा चार. शेवटच्या चिठ्ठीत तीन होते.

“तीन कुणी लिहिले?”

“मी,” तुल्लिओ वळून म्हणाला. “तीनच आहेत. चौथी घंटी नव्हे. स्टुडिओत कुणाचा तरी ग्लास लागलाय.”

“ग्लास?” एर्सिलियाबाई उसळल्या. “तीस वर्षं मी घंट्या ऐकल्या, नोचेती! तुम्ही बसच्या भोंग्यापलीकडे काय ऐकलंत?”

“बेलिन! भोंगासुद्धा सुरात वाजवला मी!”

दोघे हमरीतुमरीवर आले. हिशेबनीस मध्ये पडला, तर दोघांनी मिळून त्यालाच झापले. नेल्लो त्यांच्याकडे पाहत राहिला. ठरवून लिहिले असते, तर हे भांडण झाले नसते. त्यात कुठेही नाटक नव्हते. एर्सिलियाबाईंच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. जी वस्तू नाही, तिच्या आकड्यावरून माणसे अशी भांडत नाहीत.

त्याने पट्ट्याला अडकवलेली किल्ली चाचपली. मग त्याने सातवी चिठ्ठी घेतली, तिच्यावर शून्य लिहिले, खाली सही केली आणि ती डब्यात टाकली. सहीची चिठ्ठी त्या डब्यात प्रथमच पडत होती.

“गप्प बसा दोघंही,” तो म्हणाला. “सिन्योरा, आजपासून बटण तुमच्याकडे. जानेवारीची वाट बघायला नको. सुईला मात्र माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.”

बाईंनी बूट न घालताच खुर्ची यंत्राजवळ ओढली.

“आणि तो ग्लास आहे की घंटी, ते आत्ताच ठरवून टाकू. पुन्हा लावतो. तुल्लिओ, तू इकडे, माझ्यासमोर बैस. डोळे उघडे ठेव.”

“का?”

“माझा तुझ्यावर विश्वास नाही म्हणून,” नेल्लो म्हणाला, आणि सुई टेकवून, दुसऱ्या कडव्याची वाट बघत, तुल्लिओच्या चेहऱ्याकडे पाहू लागला.