गडग्याशी ठेवलेले टहाळे

त्या वैशाखात काकांच्या भाताच्या तुकड्यावरची आग हद्दीवरचा चिऱ्याचा गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या काजूत शिरली. कित्येक दिवस वाऱ्याला जळक्या बियांच्या तेलाचा उग्र, डोळ्यांत झोंबणारा वास होता. रोपं करण्याआधी पाचोळा, शेण पसरून जमीन भाजायची, ही आमच्याकडची दरवर्षीची भाजावळ. पण हद्दीवरून जुनं वैर असलेल्या शेजाऱ्याने फिर्याद दिली : मुद्दाम लावली. काकांपुढे तुरुंग उभा राहिला.

मी तेव्हा रत्नागिरीत कायदा शिकत होते. आमचा फौजदारी कायदा इंग्रजांच्या घरचा. हाताने घडलेली कृती एकटी गुन्हा ठरत नाही, तिच्यामागे दोषी मन लागतं, असं त्याचं मूळ तत्त्व. हेतू तरी हवा, नाहीतर धोका ठाऊक असून केलेली डोळेझाक तरी. परीक्षेसाठी घोकलेलं ते वाक्य आता आमच्या ओटीवर येऊन बसलं होतं.

"एवढंच सांगा," वकील काकांना म्हणाले, "आग पलीकडे जाईल असं मनातसुद्धा आलं नव्हतं."

"आलं नव्हतं कसं? पेटवण्याआधी जांभळीचे ओले टहाळे तोडून गडग्याशी टाकले होते मी. सरकलीच, तर झोडपायला."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "टहाळ्यांचं नाव काढू नका. धोका ठाऊक होता, याचा तोच पुरावा ठरेल."

"म्हणजे टहाळ्यांवाचून भाजावळ पेटवली म्हणू? गावात बांधाला बांध कोण लावू देईल मला?"

"तुरुंगात जाऊन मिरवा हो तुमची काळजी!" माजघराच्या दारातून काकू कडाडली, आणि तिने पदर तोंडाशी धरला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. धोका दिसल्यावाचून कोणी टहाळे तोडत नाही. आणि टहाळे तोडणारा डोळेझाक करत नाही. कोर्ट यातलं काय आधी पाहील, मला सांगता येईना.

कोर्टात पंखा करकरत होता. न्यायाधीशांनी विचारलं, "आग पलीकडे जाऊ शकते, हे माहीत होतं?"

"होतं."

आमच्या वकिलांनी डोळे मिटले.

"म्हणून तर टहाळे ठेवले, साहेब. खारा वारा उन्हं चढल्याशिवाय सुटत नाही. त्या दिवशी सकाळीच सुटला."

न्यायाधीशांनी फिर्यादी शेजाऱ्याला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. टहाळे होते का? तो कठड्याच्या लाकडावरून अंगठा फिरवत राहिला.

"होते," तो अखेर म्हणाला. "मीही एक उचलला. मी पोचलो तेव्हा हा आधीच माझ्या काजूत शिरून झोडपत होता."

काका सुटले. शेजारी बोलला नाही, आम्हीही नाही.

पुढच्या वैशाखात काडी ओढण्याआधी काकांनी गडग्यावरून हाक घातली. उत्तर आलं नाही. थोड्या वेळाने पलीकडून कोयतीने ओला टहाळा तोडल्याचा आवाज आला, आणि काका पेटवायला वाकले.