हवेतली कात्री

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोरचा तो न्हावी बोलायला लागला की थांबायचा नाही. बोलता बोलता कात्री हवेतच चालवायचा. कापणं कमी, कचकच जास्त. मग त्याचा मुलगा पलटणीत गेला आणि लढाईवरून परतलाच नाही. तेव्हापासून बोलणं बंद झालं, कचकच तेवढी राहिली.

मी पुण्यात लष्करी अधिकारी व्हायचं शिक्षण घेत होतो. रविवारला जोडून एक दिवस सुट्टी मिळाली, म्हणून घाट उतरून कापडे या माझ्या गावी घरी निघालो होतो. पुढच्या गाडीला वेळ होता, तेव्हा सवयीने त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. टोपी काढल्यावर लक्षात आलं, डोक्यावर कापण्यासारखं काही नव्हतंच.

त्याने माझ्या मानेवरून उलटा हात फिरवला.

"त्याचं बी डोकं असंच व्हतं," एवढंच म्हणाला.

मग गळ्याभोवती फडकं बांधून तो माझ्या कानामागे हवेतच कात्री चालवत राहिला. एकही केस खाली पडला नाही. मला उठवेना.

शेवटी त्याने ते कोरडं फडकं दारात नेऊन झटकलं.

"केस वाढलं की ये रे. येशील ना?"

"येतो," मी म्हणालो. निघताना आपण सगळेच तसं म्हणतो.