दगड आपटले, पुढे काय?

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा. आता काय सांगू तुम्हाला, माझ्या मूर्खपणाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झालाय!

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी वर्तकनगरला राहायचो, पीएच.डी. करायचो. काही ताऱ्यांभोवती दगडधोंड्यांची आणि धुळीची तबकडी फिरत असते. ते दगड एकमेकांवर आपटून तबकडीचं काय होतं, याचा प्रोग्राम मी लिहिलेला. चालवला, तर थोड्याच काळात सगळं चकाचक! पण एका ताऱ्याभोवती दुर्बिणीतून तर धूळ दिसते. म्हणजे तो तारा नुकताच जन्मलेला असणार. सगळं जग त्याला म्हातारा समजत होतं. चुकले बिचारे!

"नीट तपासलंस ना?" माझ्या गाइड सरांनी विचारलं.

"शंभर टक्के, सर!"

सर पेपर छापायला पाठवायच्या तयारीला लागले. मी आईला सांगितलं, आईने मामाला. मामाने कळव्यात थेट सत्कारच ठरवला, आणि प्रमुख पाहुणे कोण? आमचे सर!

स्टेजवर कॉम्प्युटर ठेवून मी प्रोग्राम चालवून दाखवला. टाळ्या पडल्या. मामाचा धंदा खडी मशीनचा, दगड फोडून खडी करायचा. तो मात्र आठ्या घालून बसलेला.

"आरं, दोन दगड आपटलं, फुटलं. मंग त्यांची भुकटी कुठं गेली?"

मी हसत समजवायला तोंड उघडलं, ते उघडंच राहिलं. आपटलेले दगड मी यादीतून पुसत होतो, पण त्यांचे तुकडे यादीत घालायचे राहूनच गेलेले! दगडाला दगड लागला की दोघेही अंतर्धान!

अहो, धूळ मुळात टिकतच नाही. ती दिसते, कारण कुठेतरी सतत काहीतरी फुटत असतं, म्हाताऱ्या ताऱ्याभोवतीसुद्धा. एवढी साधी गोष्ट! माझी दोन वर्षं आणि सरांचं नाव, दोन्ही त्या एका चुकीवर उभी होती. मी तिथेच सरांच्या कानात चूक कबूल केली.

"पेपर अजून पाठवला नाहीये, नशीब समज," सर हळूच म्हणाले. मग मामाकडे वळले. "मामा, याला एकदा तुमचं मशीन दाखवा हो. दगड फुटला की काय होतं, ते बघू दे."

"दाखवा?" मामा चाटच पडला. "आवो सर, ह्यो लहानाचा मोठा तिथंच झालाय! रोज संध्याकाळी भुकटीनं असा पांढराफटक होऊन यायचा, का आई नाव विचारून घरात घ्यायची!"