नमुना मोडीत घातला

माझी सर्व्हिस मोटर रत्नागिरीहून पालीपर्यंत उतारू नेत असे. एका दिवाळीनंतर ती चढावर धक्के देऊ लागली, मध्येच फटाके फोडू लागली. प्लग बदलले, काही फरक नाही. माझा मिस्त्री राजिवड्याचा, पूर्वी आगबोटीच्या इंजिनावर काम केलेला. मोटर चालवायचा तोच. त्याने डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं आणि इंजिन फिरवायचं हँडल माझ्या हातात दिलं.

"जरा पुढं फिरवा, शेट. आता मागं."

हँडल फिरलं, पण ठिणगी वाटणारा काटा क्षणभर तसाच राहिला, मग वळला.

"बघितलंत? खालच्या चक्रीचे दाते झिजलेत. ठिणगी वेळेवर पडणार कशी?"

त्याने चक्री काढली. दाते नखासारखे पातळ झाले होते. "मुंबईत ही दाखवून दुसरी घ्या. काशाचीच. आणि ही परत आणा, ताडून बघायला लागेल."

मुंबईच्या जुन्या बाजारात काशाची मिळाली नाही, पोलादी मिळाली. पोलाद जास्त टिकेल, असा मी हिशेब केला. दुकानदार भावाला अडून बसला, तेव्हा जुनी चक्री त्याच्या तराजूत टाकली. "हिचं कासं मोडीत धर आणि उतर खाली." तो उतरला. मी बोटीवर मिशीत हसत परत आलो.

मिस्त्रीने नवी चक्री कानशीने हलकेच घासून पाहिली. "काशाची स्वतः झिजते नि तिला फिरवणारा इंजिनातला दांडा राखते, शेट. ही दांड्यालाच खाईल. जुनी कुठाय?"

"जुनीचं काय लोणचं घालतोस? बसव म्हणतो ना!"

त्याने बसवली.

महिनाभरात मोटर पालीच्या चढावर बंद पडली. उतारू खाली उतरले. एक म्हातारबुवा म्हणाले, "शेटजी, बैल बसला तर शेपटी तरी पिरगाळता येते. हिचं काय पिरगाळायचं?" सगळे हसले. माझं डोकं फिरलं. "ह्या गाढवाने चक्री वाकडी बसवली!" मी मिस्त्रीकडे बोट करून ओरडलो. "बोटीवर कोळसा ओढणाऱ्याच्या हातात मोटर दिली, चूक माझीच!"

त्याने डिस्ट्रिब्यूटर उपसून मला आत बघायला लावलं. दांड्यावरचे दाते सपाट झाले होते. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी खरं सांगेन म्हणून तो थांबला होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी उतारूंकडे वळून दुसऱ्या गाडीची सोय बघू लागलो. त्याने हात पुसले आणि तो रत्नागिरीच्या दिशेने चालायला लागला.

पुढे एका मोटरमालकाने मला विचारलं, "तुमचा तो मिस्त्री कसा आहे? घेऊ म्हणतो."

"हात बरा आहे," मी म्हणालो, "पण चक्री वाकडी बसवतो."

त्याला मोटरीचं काम कुणी दिलं नाही. तो परत आगबोटीवर गेला. चार लोकांत त्याने तोंड उघडायला हवं होतं, हा राग मी कित्येक वर्षं धरून बसलो. त्याने तोंड उघडलं असतं, तर मी त्याला खोटा पाडला असता.