शालूच्या फोनवरून गेलेला काढा : अमरावती ते राजूर

मुलगी पुण्याहून म्हणाली, "बाबा, एवढ्यासाठी वणीपर्यंत कशाला जाता? मामाला व्हॉइस नोट पाठवा ना." मी बरं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अमरावती स्टँडवर यवतमाळच्या गाडीत जाऊन बसलो.

अमरावतीहून राजूरला जायचं असेल तर आधी यवतमाळ, तिथे गाडी बदलून वणी, आणि वणीहून ऑटो. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणापर्यंत वणीत पोहोचता. पासष्ट ओलांडलेल्यांना अर्धं तिकीट आहे. आधार कार्डाची छापील प्रत जवळ ठेवा, कारण मोबाईलमधलं कार्ड दाखवेपर्यंत कंडक्टर तीन सीटं पुढे गेलेला असतो.

का गेलो, ते सांगतो. माझी बायको शालू पोळ्यानंतर आठ दिवसांनी गेली. हृदय. तिचा धाकटा भाऊ गुणवंत राजूरला असतो. कोळशाच्या खाणीत पंपावर होता, आता घरी आहे. बारा वर्षांपासून शुगर, रोज इन्सुलिन. दिवाळी झाली आणि त्याच्या बायकोचा, मंदावहिनीचा, फोन आला. "भाऊजी, यायनं सुई बंद केली. दीड महिना झाला. सीताफळाच्या पानाचा काढा पिऊन राह्यले. पायाले जखम झाली तरी आयकत नाही. म्हणते, ताईचा शेवटचा निरोप हाय."

मी शालूचा फोन काढून पाहिला. निरोप होता. एक व्हिडिओ, ज्यात पांढरा कोट घातलेला एक माणूस सांगतो की एकवीस दिवस हा काढा प्या आणि इन्सुलिन नाल्यात फेका. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गुणवंताला गेलेला.

तो शालूने पाठवला नव्हता. मी पाठवला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचा फोन माझ्या हातात होता, घरच्या ग्रुपवर सगळे "रिपोर्ट टाका, रिपोर्ट टाका" करत होते. मी कुठला तरी बाण दाबला. यादीत सगळ्यात वर गुणवंताचं नाव होतं. रिपोर्ट राहिला माझ्या खिशात, आणि कोणीतरी सकाळी शालूला पाठवलेला, तिने उघडूनही न पाहिलेला व्हिडिओ गेला राजूरला. मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. लोकांच्या लाइनी जोडल्या. चुकीच्या ठिकाणी लाइन लावल्याची तक्रार माझ्या नावावर एकही नाही. ती ही पहिली.

आता हे व्हॉइस नोटमध्ये कसं सांगणार? तो ती दीडपट वेगाने ऐकणार.

धामणगाव सोडल्यावर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. वेचणी चालू होती. बाभुळगावला गाडी पंधरा मिनिटं थांबली. स्टँडसमोर चहा चांगला मिळतो, सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, गरम असेल तरच घ्या. बाजूच्या बाकावर दोन शेतकरी बसले होते. एकाच्या हातात मोबाईल.

"ॲप म्हणते, बाभुळगावात आत्ता पाऊस चालू हाय."

दुसऱ्याने वर पाहिलं. चक्क ऊन. "कोठी चालू हाय? ॲपच्या घरी?"

"ऐंशी टक्के म्हणते."

"मंग वीस टक्क्यात बसलो आपण. चहा पी."

मला हसू आलं. शालू गेल्यापासून पहिल्यांदा, म्हणून लिहून ठेवतो. घरी हसायला जागा नव्हती असं नाही, पण जे हसण्यासारखं होतं ते सगळं फोनमध्ये होतं आणि त्याची मला चीड येत होती. तेराव्याच्या दिवशी दवाखान्याचा मेसेज आला की तुमचा आमच्याकडचा अनुभव कसा होता, पाच पैकी किती तारे द्याल. औषधांच्या ॲपने "शालिनीजी, तुमची गोळी चुकली" असं सतरा वेळा कळवलं. ग्रुपवर एकाने श्रद्धांजलीच्या खाली नाचणारी फुलं टाकली, त्याखाली दुसऱ्याने कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक टाकला, आणि तिसऱ्याने दोघांना मिळून एकच अंगठा दिला. एका भाच्याने सांगितलं की मामीचा फोटो द्या, आपण तिला हसवू आणि बोलवू, दहा मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, तुझी मामी फोटोत कधी हसली नाही, तिचं तिला राहू दे. तो म्हणाला, मामा, काळासोबत चला. मी म्हटलं, तू हो पुढे.

मुलीने मला मनगटात घालायचं घड्याळ दिलंय. ते छातीचे ठोके मोजतं आणि पुण्याला कळवतं. बायको जाऊन चौथ्या दिवशी त्याने मला सांगितलं की आज तुम्ही तणावात दिसता, दीर्घ श्वास घ्या. ते मी प्रवासात नेलं नाही.

यवतमाळला गाडी बदलली. वणीची गाडी भरलेली होती. जोडमोह्याला एक बंजारा म्हातारी चढली आणि माझ्या शेजारी बसली. हातात कापडी पिशवी, पिशवीत वांगी. पाच मिनिटांत तिने माझं गाव, मुलंबाळं विचारून घेतली.

"अन् बाई?"

"गेली. दोन महिने झाले."

तिने वांग्यांची पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाली, "भिया, दवाखान्यात गेली का घरी?"

"दवाखान्यात. सगळ्या मशिनी होत्या."

"मशिनीचं काय घेऊन बसला! माह्या नातवानं मोबाईलात बीपीचं काढलं. म्हणे, आजी, इथं बोट ठेव. ठेवलं. म्हणे, एकदम बरोबर हाय. मले डोक्यात गरगर होऊन राह्यलं न् हा म्हणते बरोबर हाय! मंग मी काय केलं, तो पाणी प्याले गेला तं मोबाईलवर वांगं ठेवलं."

"मग?"

"वांग्याचंबी बरोबर!"

मागच्या सीटवरून एकाने विचारलं, "कोणतं वांगं होतं, मावशी? काटेरी का भरताचं?"

"भरताचं. काटेऱ्याले बीपी असते." सगळी गाडी हसली. कंडक्टरची तिकिटाची मशीन तेवढ्यात बंद पडली. त्याने ती दोनदा मांडीवर आपटली, ती चालू झाली. मावशी म्हणाली, "पाहा, हा इलाज खरा."

ती मारेगावच्या अलीकडे उतरली. डोकं गरगरतं त्याचं काय, म्हणून मी विचारलं, तर म्हणाली की वणीला सरकारी दवाखान्यात पट्टा बांधून बघितलं, गोळी चालू आहे, रोज घेते. विश्वास कशावर ठेवायचा हे तिला कुठल्याही व्हिडिओने शिकवलं नव्हतं. मी हे ऐकून जरा सावरलो. मी मशिनींच्या विरुद्ध आहे, दवाखान्यांच्या विरुद्ध आहे असं लोकांना वाटतं. मी नाही. शालूला पहिल्या झटक्याच्या वेळी ज्या इंजेक्शनने आठ वर्षं जास्त दिली ते मी विसरलेलो नाही. मी फक्त त्या माणसाच्या विरुद्ध आहे, जो पांढरा कोट घालून, कोणाची नाडी न धरता, लाखो लोकांना एकच औषध देतो आणि खाली लिहितो की आवडलं तर पुढे पाठवा.

करंजी सोडल्यापासून रस्ता मोठा होतो आणि वणी जवळ येते तसे ट्रक वाढतात. खिडकीची काच लावून घ्या. पांढरा शर्ट घालू नका, मी घातला होता. वणीत निर्गुडा नदीच्या पुलाजवळ उतरून जेवलो. झुणका, भाकर, ठेचा. राजूरला ऑटो मिळतात, भरल्याशिवाय निघत नाहीत. रस्ता काळा, झाडांची पानं काळी, आणि चुन्याच्या भट्ट्या आल्या की तेच सगळं पांढरं.

गुणवंत ओसरीवर खुर्चीत बसला होता. पाय स्टुलावर, पायाला कापड गुंडाळलेलं. वजन निम्मं झालेलं वाटलं. मला पाहून उठायला गेला.

"बस," मी म्हटलं.

"भाऊजी, कळवलं असतं तं स्टँडवर माणूस पाठवला असता."

मंदावहिनी पाणी घेऊन आल्या. त्यांच्या मागे स्टीलच्या पेल्यात हिरवा काढाही आला, कारण त्याची वेळ झाली होती. गुणवंताने तो एका घोटात प्यायला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू हाय. पण ताईनं सांगतलं म्हून घेऊन राह्यलो."

मी वाटेत मनात बरंच ठरवलं होतं. ते सगळं गेलं. मी म्हटलं, "गुणवंत, तो व्हिडिओ शालूने नाही पाठवला. मी पाठवला. चुकून."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला, पण चांगलं हसला नाही. "मले माहीत होतं, मंदा तुमाले बोलवून घेईन." त्याने मंदावहिनींकडे मान केली. "काय वं, शिकवून आणलं काय भाऊजीले?"

"मी काहून शिकवू?" त्या म्हणाल्या. "मले स्वतःले आत्ता कळून राह्यलं."

"भाऊजी, तुमी खोटं कधी बोलले नाही. आज मले सुई टोचाले लावासाठी बोलून राह्यले. ताईच्या नावावर नका बोलू."

मी शालूचा फोन काढून त्याच्या हातात दिला. "वेळ बघ. सहा दहा. त्या दिवशी चार वाजता तिच्या तोंडात नळी घातली. हात बांधलेले होते. ती कसा पाठवणार?"

गुणवंताने वेळ पाहिली. बराच वेळ पाहिली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याची धूळ आत आली आणि पेल्यावर बसली.

"मंग मी दीड महिना तुमचं आयकून राह्यलो?" तो म्हणाला.

"माझं."

"भाऊजी, तुमी तं चार शब्द बोलत नाही कोनासोबत. अन् बोलले तं हे बोलले!" त्याचा आवाज चढला. मी ऐकून घेतलं. मला ते ऐकायचंच होतं, त्यासाठीच तर सहा तास एसटीत बसलो होतो. तो बराच वेळ बोलला. मी मुंडकं खाली घालून बसलो नाही, त्याच्याकडे बघून ऐकलं.

मग तो थांबला आणि त्याने हळू विचारलं, "मंग शेवटचं काय बोलली ती?"

"नळी घालायच्या आधी विचारलं, सात वाजले का. दुपारचे चार वाजले होते. मला वाटलं, भ्रम झालाय. मी म्हटलं, अजून वेळ आहे."

गुणवंताने दोन्ही हात तोंडावर घेतले. मला काही समजेना. वहिनीच बोलल्या. "ताई रोज सकाळी सात वाजता फोन करे न, भाऊजी. बारा वर्षांपासून. 'टोचलं का?' इतकंच. हे 'टोचलं' म्हणे, का फोन बंद. तुमाले माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. सात वाजता मी फिरायला गेलेलो असायचो. एकाच घरात राहून बारा वर्षं मला हे माहीत नव्हतं.

गुणवंत हाताआडून म्हणाला, "फोन येनं बंद झाला. सात वाजते, मी सुई हातात घेऊन बसतो. कोनी पुसतच नाही. मंग हा व्हिडिओ सापडला. म्हटलं, ताईनं सोय करून ठेवली."

त्याच्या फ्रीजमध्ये जुनी बाटली होती. मी ती वापरू दिली नाही. उघडून किती दिवस झाले कोणालाच आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं ऑटोने वणीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे संगणकाचा सर्व्हर बंद होता आणि ओळ दारापर्यंत आली होती. शेवटी डॉक्टर बाईंनी कागद ओढला आणि हाताने लिहायला घेतलं, तशी ओळ सरकली. त्यांनी कापड सोडून पाय पाहिला. वास आला. "काय लावलं होतं?"

"लावलं नाही, पेलो," गुणवंत म्हणाला. "काढा."

"कोणी सांगितला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला. बाई माझ्यावर रागावल्या नाहीत, त्यांना वेळच नव्हता. त्यांनी सुई टोचली, चिठ्ठी दिली आणि त्याच दिवशी यवतमाळला पाठवलं. तिथे मी नऊ दिवस त्याच्याजवळ थांबलो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पाय वाचला. सीताफळाबद्दल माझं काही म्हणणं नाही. फळ खायचं असतं आणि पानं बकऱ्यांना घालायचीही नसतात, बकऱ्या खात नाहीत. बकऱ्यांकडे फोन नसतो.

यवतमाळहून निघताना मी घरच्या ग्रुपवर लिहिलं की शालूच्या फोनवरून गेलेला तो व्हिडिओ मी चुकून पाठवला होता, तो खोटा आहे, त्याने गुणवंताची दोन बोटं गेली, आणि यापुढे ज्याने कोणी या ग्रुपवर औषध टाकलं त्याच्या घरी मी एसटीने येईन. चौदा जणांनी हात जोडले. एकाने काढा बनवायची पद्धत परत विचारली. मी ग्रुप सोडला.

आता अमरावतीत आहे. मी फिरायला साडेसातला जातो. सात वाजता राजूरला फोन लावतो. मला फोनवर बोलता येत नाही, पण इथे बोलायचं फारसं नसतंच. टोचलं का. टोचलं. ठेवतो. मुलगी म्हणाली की यासाठी आपोआप आठवण करून देणारं मिळतं, फुकट आहे. असेल.

काल गुणवंत "टोचलं" म्हणाला, पण शब्द जरा उशिरा आला. तीस वर्षं लाइनी ऐकल्या आहेत मी. फोन ठेवला नाही.

"काय झालं, भाऊजी? ठेवा ना."

"मी लाइनवर आहे. टोच."

थोड्या वेळाने पलीकडे फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला.